श्वास रोखू नका!



तुमच्यापैकी कितीजणांना पोहता येतं? आमचं जऊळका वाशीम जिल्ह्यातलं. इथून समुद्र शेकडो मैल दूर. आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून! पुढे डबा सुटला. विहिरीत पडलेली बादली तळातून काढावी तर मीच, असं नाव झालं. छाती भरून श्वास घ्यायचा, रोखून धरायचा आणि बुडी मारायची. एवढंच काय ते शास्त्र!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलो. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरवतात. त्याला म्हणतात स्कूबा. मनात म्हटलं, हे तर आपल्या डाव्या हाताचं काम!

उतरण्याआधी प्रशिक्षकांनी बजावलं होतं, "श्वास रोखू नका. सावकाश घेत राहा, सोडत राहा." मी मान डोलावली. पण खाली जाताच जुन्या सवयीने श्वास रोखलाच! फुग्यासारखा मी वर सरकू लागलो. प्रशिक्षकांनी धरून ठेवलं, श्वास सोडायची खूण केली. मी सोडला आणि 'आता ठीक आहे' म्हणून अंगठा वर केला. तर ते मला वरच घेऊन निघाले! कारण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो. झाली ना फजिती?

पण श्वास का रोखायचा नाही? समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. विहिरीत आपण वरूनच हवा नेतो. ती खाली दबते, वर आलं की होती तेवढीच होते. टाकीतली हवा मात्र आपण खालीच छातीत भरतो. १० मीटरवरून वर येईपर्यंत तिला दुप्पट जागा लागते. तोंड मिटून वर आलात, तर फुप्फुसं फाटूसुद्धा शकतात. मी खूप खोल नव्हतो, तरी हे ऐकून अंगावर काटा आला.

मग मी नीट चौकशी केली. दहा-पंधरा मिनिटांची सफर म्हणजे शिक्षण नव्हे, बरं का! खऱ्या अभ्यासक्रमात आधी धडे, मग तलावात सराव आणि शेवटी समुद्र. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची अशी संस्था आहे. पहिला अभ्यासक्रम वयाच्या दहाव्या वर्षापासून करता येतो. मोठ्यांना त्यात १८ मीटरपर्यंत जायला शिकवतात, लहानांना त्याहून कमी.

त्यानंतर पुष्कळांना आणखी खोल जायची घाई होते. पण जाणकार सांगतात, आधी तरंगण्यावर ताबा मिळवा. हात न मारता, तळाची माती न उडवता, पाण्यात एका जागी स्थिर राहता आलं पाहिजे. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. याचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. दुसऱ्याला वाचवण्याचाही असतो.

पालकांनो, मुलांना पाठवण्याआधी एवढं विचारा : एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी? सराव तलावात होतो का? आरोग्याची माहिती लिहून घेतात का? प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र दाखवाल का? चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही.

शाळेत ही हकिगत सांगितली, तर चौथीतला एकजण म्हणाला, "गुर्जी, मंग आपल्या विहिरीत काय कामाचं हे?"

आहे ना कामाचं! स्कूबात कुणी एकटं उतरत नाही. जोडीदार लागतोच, आणि उतरण्याआधी दोघं एकमेकांचं सामान तपासतात. तेव्हापासून आमच्या वर्गाचाही नियम झालाय : विहिरीत एकट्याने उतरायचं नाही, काठावर दोर घेतलेलं मोठं माणूस हवंच. उन्हाळ्यात दरवर्षी कुठे ना कुठे मुलं बुडाल्याची बातमी येते. तुमच्या गावातून ती येऊ नये.

मग, या सुट्टीत पाळाल ना हा नियम?