उन्हाची सवय नेमकी कोणाला असते? यावलचे एक घर आणि इजिप्तचे वाळवंट

१/
यावलच्या एका केळीबागायतदार कुटुंबात इजिप्तच्या सहलीचा बेत ठरला, आणि पहिला वाद झाला तो महिन्यावरून. जळगावच्या सहल-एजंटाने मे महिन्याचा दर सर्वांत कमी सांगितला होता. शाळा-महाविद्यालयांना तेव्हा सुटी होती. पैसे वाचत होते. अडचण एकच होती, ती म्हणजे ऊन.

२/
६८ वर्षांच्या आजोबांना ती अडचण वाटतच नव्हती. "अगं, जन्म खानदेशात गेला. मे महिन्यात केळीला पाणी भरणारा माणूस मी. मला उन्हाचं काय सांगतेस?" अकरावीत शिकणाऱ्या नातीकडे उत्तर नव्हते. आकडे आजोबांच्याच बाजूने होते. उन्हाळ्यात लक्झरचा पारा चाळिशी ओलांडतो, पण जळगावचाही ओलांडतो.

३/
नात सहलीसाठी इजिप्तचा इतिहास वाचत होती. त्या वाचनात तिला प्लिनी भेटला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील या रोमन ग्रंथकाराने भारताकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाचे वर्णन केले आहे. माल नाईलमधून कॉप्टॉसपर्यंत येई. तेथून उंटांचे तांडे वाळवंट ओलांडून लाल समुद्रावरील बेरेनिके बंदराकडे निघत. अंतर सुमारे ३८० किलोमीटर, प्रवास १२ दिवसांचा.

४/
त्यातील एक तपशील तिने वहीत उतरवून घेतला. उष्णतेमुळे तांडे बहुतांशी रात्री चालत आणि दिवस विहिरींच्या मुक्कामांवर काढत. हे उंटवाले कोणी परके नव्हते, त्याच प्रदेशात राबणारी माणसे होती. उन्हाला सरावलेली माणसेच उन्हात चालण्याचे टाळत होती.

५/
हा मार्ग महाराष्ट्रालाही परका नाही. त्याच शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील माल गाड्यांनी भडोच बंदरात उतरत असल्याची नोंद आहे. दख्खन आणि भडोच यांच्यामधील वाटांवर खानदेश येतो. याच प्रदेशाच्या दक्षिण कडेला अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी त्या सुमारास उभी होती.

६/
बेरेनिकेच्या उत्खननात या व्यापाराच्या खुणा प्रत्यक्ष हाती आल्या. तेथील मंदिराच्या आवारात भारतीय घडणीचा रांजण मिळाला आणि त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. सागाचे लाकूड मिळाले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या शोधांत बुद्धमूर्तीबरोबर सातवाहनांची दोन नाणीही होती. दख्खनच्या राजांचे नाणे ज्या वाळवंटाच्या काठी पोहोचले, ते वाळवंट माणसे रात्रीच ओलांडत होती.

७/
आजोबांनी हे सारे ऐकून घेतले. "ती जुनी माणसं, त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या," एवढेच म्हणाले. मग नातीने आजचे उदाहरण काढले. जून २०२४ मध्ये हजच्या दिवसांत मक्केत पारा ५१ अंशांपलीकडे गेला. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले. मृतांपैकी बहुसंख्य विनापरवाना आलेले होते आणि सावली-निवाऱ्याविना भर उन्हात लांबवर चालले होते. त्यांत इजिप्तची माणसे मोठ्या संख्येने होती.

८/
घरात क्षणभर शांतता पसरली. नातीने हळूच विचारले, "आजोबा, मे महिन्यात तुम्ही बागेत किती वाजता जाता?" पहाटे पाचला. परत किती वाजता येता? दहाच्या आत. मग धाब्याच्या जुन्या खोलीत, जाड मातीच्या भिंतींआड, चार वाजेपर्यंत पडून राहता. ताक पिता, पन्हे पिता. दुपारी बारा वाजता यावलच्या रस्त्यावर कोण दिसते?

९/
खानदेशाचे उन्हापासून रक्षण होते ते प्रामुख्याने दिनक्रमामुळे. शरीर काही अंशी सरावते, हे खरे. पण पहाटेची कामे, दुपारची बंद दारे, डोक्यावरचा पांढरा रुमाल आणि मातीचे धाबे ही त्या सरावाची खरी शस्त्रे आहेत. प्रवासी सहलीला निघतो तेव्हा ती सारी घरी ठेवून जातो. पैसे भरलेले असतात, बस उभी असते आणि दुपारी एक वाजता तो उघड्या दगडी प्रांगणात उभा असतो.

१०/
पाण्याचेही तसेच आहे. यावलपासून जवळच असलेल्या बुऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानानच्या काळातील, १६१५ चा, कुंडी भंडारा आहे. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने शहरात आणलेले आहे. मूळ तंत्र इराणमधले. इजिप्तच्या खारगा मरूद्यानाच्या परिसरातही अशा भूमिगत वाहिन्या इसवी सनपूर्व पाचव्या शतकात खोदल्या गेल्या. जेथे ऊन आहे, तेथे माणसाने पाणीसुद्धा सावलीतून चालवले.

११/
पुरातत्त्वज्ञही हाच नियम पाळत आले आहेत. इजिप्तमधील उत्खननाचा हंगाम बहुधा हिवाळी असतो. हॉवर्ड कार्टर यांना तुतानखामेनच्या थडग्याची पहिली पायरी सापडली ती ४ नोव्हेंबर १९२२ रोजी, हंगामाच्या आरंभी.

१२/
अखेर सहल दिवाळीच्या सुटीवर गेली. दर वाढला. त्याची किंमत म्हणून लाल समुद्राकाठचे दोन दिवस वगळावे लागले, आणि ती कात्री नातीने स्वतः लावली. आजोबांची रक्तदाबाची गोळी शरीरातील पाणी आणि क्षार बाहेर टाकणारी असल्याने डॉक्टरांचा सल्ला घेतला गेला. एजंटला कधीच कळले नसते अशी ती गोष्ट होती.

१३/
मग यादी झाली. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. वाळवंटातील रात्र गार होते, म्हणून एक स्वेटर. क्षारसंजीवनीची पाकिटे. प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली, कारण सामायिक बाटलीतून कोण किती प्यायले हे कळत नाही. राजांच्या दरीत सकाळी दार उघडताच प्रवेश. दुपारी संग्रहालय किंवा विश्रांती.

१४/
वेळापत्रकाचा कागद आता भिंतीवर लावलेला आहे. त्यात दुपारी बारा ते चार हा रकाना रोज रिकामा होता. आजोबांनी चष्मा लावून, स्वतःच्या हाताने, प्रत्येक दिवसापुढे एकच शब्द लिहिला आहे : 'धाबे'.