नीलपरी तुझ्या सिंगापुरातही आहे

प्रिय मीनल,

सिंगापुरात इमारतींशिवाय काही दिसत नाही, असं तू परवा फोनवर म्हणालीस, ते मला मुळीच पटलेलं नाही. अगं, बुकित तिमाच्या रानात आपली नीलपरी राहते! पक्षीवाले जिला फेअरी ब्लूबर्ड म्हणतात, तीच. आपल्या घाटापासून ईशान्य भारत, ब्रह्मदेश, मलेशिया करत थेट जावा-बोर्निओपर्यंत तिचा वावर आहे. फक्त दाट सदाहरित रान हवं.

इकडे गोव्यात तांबडी सुर्ल्याच्या महादेवाजवळच्या रानात वड पिकलाय असं कळलं, तशी सकाळीच गेले. वर नुसता गलका: बुलबुल, कुटुर्गे, हरियल, मधूनच धनेशाच्या पंखांची घरघर. नीलपरीचा नर सावलीत बसला होता तोवर काळा ठिक्कर, डोळा तेवढा लालभडक. मग कवडशात सरकला मात्र, माथ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत सगळी पाठ निळीशार! त्या पिसांत निळा रंग असा नसतोच गं. त्यांची आतली वीणच इतकी बारीक, की उजेडातला निळा तेवढा परतून येतो. ऊन हटलं की निळाई गेली. गळा, छाती, पोट मखमली काळं. मादी मंद मोरपिशी, पानांत चटकन सापडत नाही. फळ चोचीत धरायचं, मान मागे टाकायची, अख्खं गिळायचं आणि एक ओली शीळ घालून पुढच्या फांदीवर.

त्या बिया मग दूर कुठल्या तरी झाडाच्या बेचक्यात पडतात आणि तिथे नवा वड धरतो. वड, उंबर, नांद्रुक सगळे एकदम पिकत नाहीत, झाडागणिक वेळ वेगळी. त्यामुळे बाकीची फळं संपली तरी रानात कुठे ना कुठे पंगत चालूच. आणि नेमकी हीच झाडं लाकूड कामाचं नाही म्हणून तोडतात. तिथे काजू लावतात, रबर लावतात, वर म्हणतात, हिरवंच तर आहे! हिरवं आहे, पण त्यात नीलपरीने खायचं काय? मला हे बघवत नाही, मीनल.

तू एखाद्या रविवारी उजाडताच बुकित तिमाला जा. फार भटकू नकोस. खाली फळांचा सडा पडलेलं वडाच्या जातीचं झाड गाठ आणि ऊन पाठीशी घेऊन थांब. नर दिसला की शेपटीखालची निळी पिसं टोकापर्यंत पोचतात का, तेवढं नीट बघून मला कळव.

तुझी,
शुभा