गिअर पडत नाही तेव्हा

मराठी वाचकाची नर्मदेशी ओळख बहुधा पायी झालेली असते. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ किंवा जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ वाचून जो तिच्याकडे निघतो, त्याच्या मनात एक पायवाट असते. आमच्याही मनात ती होती. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर वाहते आणि तेवढ्या टापूत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांत, काठची वाट आता पाण्याखाली आहे. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ येथल्या ३३ गावांना बसली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचला. जे पाडे डोंगराच्या वरच्या अंगाला सरकून राहिले, त्यांना बाजार, शाळा, दवाखाना या सगळ्यांसाठी आधी बोट गाठावी लागते.

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात आम्ही अशाच एका पाड्यावर गेलो होतो. (आम्ही म्हणजे एकच इसम, परंतु अध्यापनात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सर्वनाम सुटत नाही.) हेतू शुद्ध वाङ्मयीन होता. एका वृद्ध पावरा आजींकडून होळीची गाणी उतरवून घ्यायची होती. दोन दिवसांत तारेच्या वेटोळ्यात बांधलेली एक वही भरली. परतीच्या बोटीत बसताना ती आम्ही छातीशी धरून बसलो होतो, हे पुढील हकिगतीसाठी नमूद करणे आवश्यक आहे.

बोट भूषाच्या धक्क्याकडे निघाली होती. तेथून जीपने धडगाव. बोटीत आम्ही, नावाडी, त्याचा दहा-बारा वर्षांचा पुतण्या, आणि एक तरुण आई. तिच्या मांडीवर तीनेक वर्षांचा मुलगा होता. तीन दिवस त्याचा ताप उतरला नव्हता. तो रडतही नव्हता, आणि आईला त्याचीच अधिक भीती वाटत असावी.

वाटेत आणखी एकाला घ्यायचे होते, म्हणून नावाड्याने एका पाड्याखाली बोट थांबवली. ते कोणी आले नाही. त्याने दोरी ओढून यंत्र पुन्हा सुरू केले, बाजूचा दांडा पुढे ढकलला. यंत्र गरजले, धूर निघाला, बोट मात्र जागची हलेना. आमच्याकडे मोटारगाडीच्या संदर्भात यासाठी नेमके क्रियापद आहे: गिअर ‘पडत’ नव्हता. आम्ही तत्परतेने सल्ला दिला, “भाऊ, जरा जास्त रेस देऊन जोरात टाकून पाहा.”

नावाड्याने यंत्रच बंद केले. म्हणाला, “नको गुरुजी. दात जातील.”

त्यानंतरचा अर्धा तास त्याने जे केले, ते आम्ही आमच्या व्यवसायात क्वचित पाहिले आहे. त्याने पुतण्याच्या हाती वल्हे दिले. उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागले, की बुडालेल्या झाडांचे खोड पृष्ठभागाजवळ येतात आणि वारा बोटीला तिकडेच नेत होता. मग त्याने यंत्र तिरके करून पंखा पाण्याबाहेर काढला. दांडा पुढच्या गिअरमध्ये ठेवला आणि पंखा हाताने फिरवला. तो दोन्ही बाजूंना सहज फिरला. “अडायला पाहिजे होता,” तो स्वतःशीच म्हणाला.

याची दोन कारणे संभवतात, हे त्याने विचारल्यावर सांगितले. या जुन्या लहान यंत्रात पंखा आपल्या दांडीला एका मऊ पिनेने जोडलेला असतो. तिला शिअर पिन म्हणतात. पंखा खोडावर आदळला तर आधी ती मोडते, म्हणजे आतली महागडी चाके वाचतात. ती मोडली असेल, तर गिअर पडूनही पंखा फिरत नाही. त्याने पंखा उतरवला. पिन शाबूत होती. दांडीभोवती मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा गुंतला आहे का, तेही त्याने पाहिले. हा धागा आतील सील कापतो, पाणी शिरते आणि गिअर ऑइल दुधासारखे पांढरे होते. तसेही काही नव्हते.

म्हणजे बिघाड पंख्याच्या आधी कुठेतरी होता. पंख्यामागच्या डब्यात पुढचे आणि मागचे अशी दोन दातेरी चाके यंत्राबरोबर सतत परस्परविरुद्ध फिरत असतात. त्यांच्या मध्ये दाते असलेला एक तुकडा पंख्याच्या दांडीवर सरकतो. तो ज्या चाकात जाऊन अडकेल, त्या दिशेने पंखा फिरतो. मध्येच राहिला, तर यंत्र कितीही ओरडले तरी पंखा स्थिर. हा तुकडा सरकवणारी सळई वर हातातल्या दांड्याला जोडलेली असते. प्रश्न असा होता, की तुकडा झिजला आहे, की त्याच्यापर्यंत सळईचा धक्काच पोहोचत नाही?

त्याने वरचे झाकण काढले. पुतण्याला दांडा मागेपुढे करायला सांगितले. दांडा हलत होता, सळई हलत नव्हती. जोडावरची बोटाच्या पेराएवढी कॉटर पिन गळून पडली होती. मग त्याने पकडीने सळई थेट सरकवली, दुसऱ्या हाताने पंख्याची दांडी हळूच फिरवली. कारण दातावर दात आला, तर तुकडा आत जात नाही. बारीकसा ‘टक्’ आवाज झाला आणि दांडी अडली. आतले सगळे ठीक होते.

राहिला प्रश्न एका पिनेचा. त्याने बोटीत तार शोधली, मिळाली नाही. मग त्याची नजर आमच्या वहीवर गेली. तिच्या पाठीला तारेचे वेटोळे होते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आम्ही वही मागे घेतली. क्षणभरच, पण घेतली. त्या आईने ते पाहिले. ती काही बोलली नाही, मुलाच्या कपाळावरचे ओले फडके तिने पाण्यात बुडवून पुन्हा ठेवले. मग आम्हीच वेटोळे उलगडून दिले. नावाड्याने त्यातली दोन इंच तार तोडली, दुहेरी करून जोडात घातली, टोके पकडीने वळवली. पंखा परत बसवला. दांडा मध्यावर ठेवून दोरी ओढली, यंत्र मंद चालू दिले आणि मगच दांडा पुढे नेला. बोट निघाली.

नंदुरबार जिल्ह्याच्याच शहादा परिसरातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आपण वर्गात शिकवतो. ज्यांचे दुःख आहे त्यांना व्यासपीठावर जागाच न मिळणे, हा तिचा विषय. ती शिकवताना आम्ही स्वतःला नेहमी कवीच्या बाजूला उभे करीत आलो. त्या संध्याकाळी बोटीत आम्ही नेमके कोठे उभे होतो, हे पुन्हा तपासावे लागले. आजारी मुलाच्या शेजारी त्याच्याच लोकांची गाणी सांभाळणे आम्हाला क्षणभर अधिक तातडीचे वाटले होते. त्या गाण्यांचे मोल यामुळे उणे होत नाही. आमच्या आस्थेचा धक्का मात्र पुढे कोठे पोहोचत नव्हता, एवढे खरे.

भूषाला पोहोचेपर्यंत अंधार पडला. आम्ही ठरवलेली जीप उभी होती. मायलेकरांना घेऊन ती धडगावच्या रुग्णालयाकडे गेली. मुलाला मलेरिया होता आणि तो बरा झाला, हे आठवड्याने नावाड्याकडून फोनवर कळले. यंत्राचे विचारले, तेव्हा म्हणाला, नवी पिन आणली, तार काढून टाकली.

वहीची पाने तेव्हापासून सुटी आहेत. वाऱ्याने त्यांतली चार पाण्यात गेली आणि उरलेल्यांवर आम्ही क्रमांक घातलेले नव्हते. कोणते गाणे होळी पेटण्याआधीचे आणि कोणते नंतरचे, हे त्या आजीच सांगू शकतील. येत्या फाल्गुनात पुन्हा जायचे ठरवले आहे. या वेळी वही दोऱ्याने शिवलेली घेऊ, आणि खिशात चार कॉटर पिना.