गालावरचं लोखंड

७ मे
पोलिसात असलेली भाची नायगावच्या मैदानावरची परेड आटोपून थेट घरी आली. दोन्ही गालांवर वांग आलेत. ‘‘मावशी, डॉक्टर म्हणाल्या, टिंटवालं मिनरल सनस्क्रीन लाव. दोन आणलीत. तू केमिस्ट्री शिकवायचीस, तूच सांग कुठलं ठेवू.’’

८ मे
एका ट्यूबवर झिंक ऑक्साइड दुसऱ्या क्रमांकावर, दुसरीवर बरंच खाली. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनात मोडतं. घटक उतरत्या क्रमाने छापले की भागतं, टक्केवारी लागत नाही. अमेरिकेत ते औषध मानतात, म्हणून झिंक किती टक्के हे छापावंच लागतं. नायगावच्या पोरीने तेवढंही विचारू नये का? दुसरी ट्यूब स्वतःला ‘शंभर टक्के मिनरल’ म्हणवते आणि यादीत ब्यूटिलऑक्टिल सॅलिसिलेट. ते खनिज नाही, आणि स्वतःही थोडे अतिनील किरण शोषतं. शिवाय सुवास. वांगाच्या त्वचेला तो कशाला?

९ मे
सगळ्यात मोलाची ओळ दोन्ही याद्यांच्या अगदी तळाशी: सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९. लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड. कुंड्यांना लावतो त्या गेरूचा लाल रंगही याचाच. लोकांना वाटतं, रंग नुसता दिसण्यासाठी. पण झिंक अडवतं ते मुख्यतः अतिनील. दिसणारा प्रकाश बराचसा आत जातो, आणि सावळ्या कातडीवर तोही काळपटपणा आणतो. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० साली हे दाखवलं. गोऱ्या त्वचेवर तसा परिणाम दिसला नाही. मेक्सिकोतल्या २०१४च्या चाचणीत वांगाच्या रुग्णांना आयर्न ऑक्साइडवाल्या सनस्क्रीनने जास्त गुण आला. म्हणजे आपल्या रंगाच्या माणसांना टिंट हाच औषधाचा भाग.

११ मे
गॅलरीच्या उजेडात दोन्ही लावून पाहिली. एसपीएफ मोजतात तो चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅमच्या थरावर. चेहरा आणि मान धरून दोन बोटांभर तरी हवं. दुसरी तेवढी लावली की चेहरा राखाडी दिसतो. मग पोरगी चिमूटभरच लावणार आणि आकडा ट्यूबवरच राहणार. पहिली तिच्या रंगात मिसळते. तीच ठेवायला सांगितली.

बंदोबस्तावर दर दोन तासांनी लावायचं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरणार नाही. टोपी-बुटांप्रमाणे याचीही सोय सरकारने करायला हवी. पहिलीच्या कंपनीला झिंकचा टक्का विचारणारी ईमेल आज पाठवली.