अधिक कीं पुरेसें?

‘अधिकस्य अधिकं फलम्’ हें वचन आमच्या घरांत इतकें रुळलेलें, कीं औषधाच्या बाबतींत तें खोटें ठरेल असें कुणाच्या स्वप्नींही आलें नव्हतें.

धाकट्या भावाच्या मानेंत गांठ आली. निदान झालें तें हॉजकिनच्या लिंफोमाच्या एका विरळ प्रकाराचें. १८३२ सालीं टॉमस हॉजकिन यांनीं वर्णिलेल्या ह्या रोगाच्या शंभर रुग्णांत जेमतेम पांच ह्या प्रकाराचे असतात. गांठ एकाच जागीं होती. ताप, घाम कांहीं नव्हतें. डॉक्टर म्हणाले, “नुसते किरण पुरे. तीनेक आठवडे यावें लागेल.”

भावजय मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊजी, पैशांकडे पाहूं नका. केमोथेरपीही द्या म्हणावें.”

मीं तसें विचारलें. डॉक्टर शांतपणें सांगूं लागले. नेहमींच्या हॉजकिनमध्यें माझा आग्रह रास्त ठरला असता. लवकर सांपडलेला रोग किरणांनीं बरा होऊं शकतो, हें टोरांटोच्या व्हेरा पीटर्स यांनीं १९५० सालीं दाखविलें. पण तेव्हां किरणांचें क्षेत्र विस्तीर्ण असे, आणि कित्येक वर्षांनीं दुसरा कर्करोग वा हृदयविकार उद्भवे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणींत थोडी केमोथेरपी व आटोपशीर किरण ही जोडी विस्तीर्ण किरणांहून सरस ठरली. ह्या विरळ प्रकारांत मात्र, रोग एकाच जागीं असतांना, केमोथेरपीची भर घालून आयुष्य वाढल्याचें दिसलेलें नाहीं. हृदयाला व फुप्फुसांना होणारा उपद्रव तेवढा पदरीं पडायचा. रुग्ण थोडे, म्हणून मोठ्या चाचण्या नाहींत. आधार जुन्या नोंदींचा, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. रोग वर्षांनीं परतूं शकतो, तेव्हां तपासणी सुटणार नाहीं, असेंही बजावलें.

परततांना मी ओशाळलों. विद्यार्थ्यांच्या निबंधांतलीं फाजील विशेषणें खोडण्यांत माझा जन्म गेला. आणि भावाच्या आजारांत मला तींच हवीं होतीं! खरें पाहतां त्या आग्रहांत त्याच्या हितापेक्षां ‘आपण कांहीं कमी केलें नाहीं’ हें स्वतःचें समाधानच मोठें होतें.

भावानें किरणच घेतले. त्याला आतां दोन वर्षें झालीं. प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्रीं भावजय देवापुढें एक समई जास्त लावते. एवढी भर डॉक्टरही चालवून घेतील, असें मला वाटतें.