समुद्र हरवलेला देश

भूगोलाच्या पुस्तकात 'भूवेष्टित देश' हा शब्द प्रथम वाचला, तेव्हा त्यात दुःखाचे काही असेल असे मला वाटले नव्हते. चारी बाजूंनी जमीन, समुद्र नाही, बस्स! दक्षिण अमेरिकेत असे देश दोनच : बोलिव्हिया आणि पॅराग्वे. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न. त्यापलीकडे आपला त्यांच्याशी संबंध काय? पुढे एका दुपारी ग्रंथालयात बोलिव्हियाचा इतिहास हाती लागला आणि उमगले, की या देशाला समुद्र नव्हता असे नाही. तो होता आणि गेला.

महाराष्ट्राच्या साडेतीनपट विस्ताराचा हा देश १८२५ साली स्पेनपासून मुक्त झाला. मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार याचेच नाव त्याने धारण केले. पॅसिफिकचा सुमारे ४०० किलोमीटर किनारा तेव्हा त्याचा होता. किनारा कसला, आटाकामाचे ओसाड वाळवंटच! पण त्या वाळवंटात सोरा निघाला. खताला आणि दारूगोळ्याला लागणारा. १८७८ मध्ये बोलिव्हियाने तो काढणाऱ्या चिलीच्या कंपनीवर कर बसवला आणि ठिणगी पडली. १४ फेब्रुवारी १८७९ रोजी चिलीचे सैन्य आन्तोफागास्ता बंदरात उतरले. २३ मार्चला कालामा गावाजवळच्या पुलावर एदुआर्दो आबारोआ हा साधा नागरिक लढता लढता पडला. 'शरण ये' म्हणणाऱ्या शत्रूला 'तुझ्या आजीला सांग शरण यायला!' असे त्याने सुनावले, म्हणतात. १९०४ च्या तहाने किनारा कायमचा गेला. मोबदल्यात मिळाली आरिका बंदरापासून ला पाझपर्यंतची रेल्वे आणि माल नेण्या-आणण्याची मुभा.

पण बोलिव्हिया विसरला नाही. २३ मार्च हा तेथे 'समुद्रदिन' म्हणून पाळला जातो. देशाचे प्रांत आज ९ आहेत, राजचिन्हावर तारे मात्र १०. दहावा त्या हरवलेल्या किनाऱ्याचा. आणि हो, त्यांचे नौदलही आहे! समुद्रसपाटीपासून ३८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात ते कवायत करते. हे वाचून मी मोठ्याने हसलो. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले तेव्हा गप्प झालो.

हसू ओसरले ते आजीच्या आठवणीने. तिचे माहेर धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले, की देवळाचे शिखर दिसू लागते. दरवर्षी ती काठावर जाऊन देवीची ओटी पाण्यात सोडते. "आजी, पाण्यात कोण घेणार गं तुझी ओटी?" असे विचारून तिला हसणाऱ्यांत मीही होतो. तिचे गाव पाण्याने नेले, त्यांचे पाणी माणसांनी नेले. टिटिकाकावरचे ते नौदल म्हणजे एका देशाने सोडलेली ओटीच नव्हे काय?

तरी एक शंका उरतेच. बोलिव्हियाचे नुकसान काय एका समुद्रानेच झाले? १५४५ साली पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. वेठीस धरलेल्या आदिवासींनी ती खणली आणि ती गेली स्पेनला. पुढे कथिल निघाले, त्याचे धनी मूठभर. १९५२ च्या क्रांतीनंतर त्या खाणी राष्ट्राच्या झाल्या. आता उयुनीच्या १०,००० चौरस किलोमीटरांहून विस्तीर्ण मिठागराखाली लिथियमचा प्रचंड साठा आहे, आणि साऱ्या जगाचा डोळा त्यावर आहे. २००९ च्या राज्यघटनेने ३६ आदिवासी भाषांना राजभाषेचा मान दिला आणि समुद्रावरचा हक्कही पुन्हा सांगितला. परंतु १ ऑक्टोबर २०१८ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला : समुद्रासाठी वाटाघाटी करण्याचे बंधन चिलीवर नाही.

मग समुद्रदिन बंद करावा? मला नाही तसे वाटत. गेलेल्याचे स्मरण ठेवणे हा वेडेपणा नव्हे. मात्र त्या स्मरणाने हातातले राखण्याची जाग आणली पाहिजे. समुद्र परत येईल न येईल. उयुनीचे मीठ अजून बोलिव्हियाचेच आहे.

धरणाच्या बदल्यात मिळालेल्या खडकाळ जमिनीला गिऱ्हाईक पुष्कळ आले. आजीने ती विकू दिली नाही. ओटी सोडून आली, की ती आधी त्या शेताच्या बांधावर चक्कर मारते, मगच घरी येते.