डबा नको, सुकट आण

डहाणू,
मृगाच्या तोंडावर

चि. वनितास,


तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग काळजी वाटली. दोन्ही अजून उतरलेली नाहीत. “आमच्या पगारात पौष्टिक परवडत नाही” हे तू अच्छाडला बसून लिहावंस, आणि त्याच पत्रात दुधात घालायच्या पावडरीचा डबा आणल्याचंही कळवावंस! रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य 2023 पासून फुकट मिळतंय, म्हणजे तुम्हा चौघांना 20 किलो. त्यातल्या पांढऱ्या तांदळानं पोट भरतं, पण शंभर ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रथिनं, आणि कॅल्शियम नावालाच. पैसा घालायचा तो ही उणीव भरायला. तुझा जातो भलतीकडेच. दोन पोरांना रोज दहा-दहाचा बिस्किटाचा पुडा म्हणजे महिन्याला 600 रुपये. अंडं सात रुपयांना धरलं तरी तेवढ्यात 85 अंडी येतात. डब्याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही, तो तुझा तू कर.

माझं म्हणणं तुला माहीत आहे, तरी पुन्हा ऐक. तांदळात जे नाही ते सगळं आपल्याच टापूत आहे, आणि ते गरिबाचं म्हणून आपणच टाकून दिलंय. नागलीत तांदळाच्या तीस पटींहून जास्त कॅल्शियम असतं. ती भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर पेज पातळ होते, म्हणून लहान पोटात जास्त मावते, आणि लोहही अंगी जास्त लागतं. तीन-चार वाट्या तांदळाला वाटीभर उडीद किंवा तूर घातली की धान्यात जे कमी ते डाळ पुरवते, डाळीत कमी ते धान्य. आणि सुकट! झाईपासून डहाणूपर्यंत किनाऱ्यावर वाळणाऱ्या या मासळीत वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, शिवाय ती सालासकट खाल्ली जाते म्हणून कॅल्शियम वेगळं. कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजायची, चोळून डोकी-मिशा पाखडायच्या, कोमट पाण्यातून दोनदा काढायची, मग कांदा आणि कैरीची फोड. मूठभर सुकटीत चौघांचं कालवण होतं. आता पाऊस पडला की टाकळा बांधावर फुकट उगवेल. कोवळा असतानाच खुडायचा. आदिवासी भागात 2015 पासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना अंगणवाडीत अमृत आहार मिळतो, त्याचं ताट एकदा बघून ये: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं. पावडरीचा डबा त्यात कुठेच नाही.

तू म्हणशील, आत्याला बोलायला काय जातं. नागली आता दुकानात तांदळापेक्षा महाग, आणि पहाटे वापीची गाडी धरणाऱ्या बाईला मोड आणायला वेळ कुठला? नागलीचं बरोबर आहे, पेरणारे कमी झाले. म्हणून रोजची भाकरी कर असं मी म्हणतच नाही, मुलांच्या सकाळच्या पेजेपुरती मूठभर आण. वेळेचं म्हणणं त्याहून खरं, आणि त्यावर मला पुरतं उत्तर देता येत नाही. मोडाचं पीठ सुट्टीच्या दिवशी महिन्याचं एकदम होतं, सुकटही भाजून डब्यात ठेवता येते, पण ते करणारे हात तुझेच का? जावईबापूंना तवा उचलता येतो. सुकटीत मीठ फार, हा आक्षेप मान्य. म्हणून तर धुवायची, आणि कालवणात वरून मीठ घालायचं नाही. पोरं खात नाहीत म्हणतेस, तर बिस्किटानं भरलेल्या पोटाला भूक लागणार कशी?

पण हे सगळं लिहिताना मनात दुसरंच घोळतंय. मुलांचं, त्यांच्या बापाचं, सगळ्यांचं तू लिहिलंस. स्वतः काय खातेस ते एका ओळीतही नाही. चक्कर येते हे मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे. सगळ्यांनंतर उरलेला भात आणि वर कपभर चहा, हेच ना? जेवणाबरोबरचा चहा पालेभाजीतलं लोह अंगी लागू देत नाही. तो तासभर नंतर घे, ताटात लिंबू पिळ, आणि सुकटीचं कालवण आधी स्वतःला वाढून घे. या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपास, आकडा कळव. नुसतं “बरी आहे” लिहू नकोस.

तुझी,
आत्या